खांद्याला सोसेल असा बार

ऑरिनने यंत्राची दांडी सावकाश खाली दाबली आणि तांब्याची टोकदार गोळी पितळी नळीच्या तोंडात अलगद बसली. तयार झालेलं काडतूस त्याने दिव्यासमोर धरून फिरवलं, अंगठ्याने पुसलं आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्या सुनेच्या तळहातावर ठेवलं.

"कालच्यापेक्षा दारू थोडी कमी केलीय," तो म्हणाला. "काल खांद्याला लागलं का? खरं सांग हं."

"थोडंसं, पॉप. चिमटा काढल्यासारखं."

"मग अजून किंचित उतरवू. खांद्याला सोसेल तेवढाच बार भरायचा. उगाच मर्दुमकी नाही दाखवायची."

"पण एवढ्याशा बाराने एल्क पडेल?"

"एल्क बाराच्या जोराने मरत नाही, बाई. गोळी कुठे बसते, त्याने मरतो. गोळी हलकी असली तरी तांब्याची आहे, आत शिरते ती शिरतेच."

गॅरेजच्या दारात धुतलेल्या मोज्यांची टोपली घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, व्हर्नाने, हे सगळं ऐकलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कामाच्या त्या बाकाशेजारी स्टूल ठेवायला ऑरिनने कधी कुणाला परवानगी दिली नव्हती. काडतुसं भरताना कुणी शेजारी श्वास घेतलेलाही त्याला खपत नसे; वजनाचा काटा हलतो म्हणे. आता तिथे टेसा गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती आणि काटा मुकाट्याने आपलं काम करत होता.

टेसा ओहायोची. त्यांच्या मुलाशी, लाइलशी लग्न करून ती वसंतात वायोमिंगला आली, आणि पहिल्याच आठवड्यात ऑरिनला 'पॉप' म्हणू लागली. व्हर्नाला मात्र ती 'व्हर्ना'च म्हणायची. अगदी आदराने म्हणायची, तक्रार करायला जागा नाही अशा आदराने.

लग्नानंतरच्या शिकारीच्या पहिल्या हंगामात ऑरिनने व्हर्नाच्या हातात तीनशे मॅग्नम रायफल ठेवली होती. एल्क म्हणजे काही साधं हरीण नव्हे, घोड्याएवढं धूड, त्याला बारही तसाच दांडगा लागतो, असं तेव्हा हाच गृहस्थ म्हणाला होता. पहिल्या गोळीला तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ऑरिनचे दोस्त ट्रकला टेकून बघत होते आणि ऑरिनचा चेहरा नुसता फुलला होता. कशी वाटली, म्हणून त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "झकास." त्या एका शब्दापायी तिचा खांदा तीस वर्षं दर हंगामात काळानिळा होत आला होता. गावातल्या कॅफेत ऑरिन अजूनही सांगायचा, "तुमच्या बायका घेऊन या, आणि माझ्या व्हर्नाच्या हातातली रायफल उचलून दाखवा म्हणावं." ती कॉफी ढवळत हसायची. कधीमधी नेम चुकला तर वाऱ्याचं नाव सांगायची.

खांद्याचं एक वेळ तिने सोसलं असतं. पण रविवारी जेवणाच्या टेबलावर ऑरिनने जाहीर केलं, की शनिवारी हंगाम उघडेल तेव्हा तो टेसाला घेऊन वरच्या कुरणावर जाईल, आणि व्हर्ना लाइलबरोबर खाली झाडीत बसेल.

"तिचा पहिलाच हंगाम आहे," तो म्हणाला.

"हो ना," म्हणत व्हर्नाने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं.

वरचं कुरण तिचं होतं. अंधारात चढून जायचं, खडकाआड एका ब्लँकेटखाली दोघांनी बसायचं, थर्मासातली कॉफी एकाच झाकणातून प्यायची, आणि उजाडता उजाडता समोरच्या उतारावरून नर एल्कची शीळ आली की ऑरिनने नुसता तिचा गुडघा दाबायचा. वर्षातून तेवढी एक सकाळ तो नवरा पूर्णपणे तिचा असे. बाकीचं वर्ष तो सगळ्या गावाच्या रायफली दुरुस्त करण्यात घालवायचा.

मोजे कपाटात ठेवता ठेवता तिला मुकी काडतुसं आठवली.

लाइल चौदा वर्षांचा असताना ऑरिनने ती बनवली होती, त्याच्या छोट्या रायफलसाठी, जी आता टेसाकडे आली होती. आत दारू नाही, मागे ठिणगी पाडणारी टोपी नाही, आणि जिवंत काडतुसात मिसळू नये म्हणून पितळेला कडेने एक भोक. तीन काडतुसांत एक असं नकळत घालून द्यायचं. बार उडतो तेव्हा धक्क्यात सगळं झाकून जातं. पण मुकं काडतूस आलं की नुसतं खट्ट होतं, आणि धक्क्याच्या धास्तीने नेमबाज आधीच बिचकत असेल, तर रायफलची नळी खाली झुकलेली साऱ्या जगाला दिसते. ऑरिनचा नियम साधा होता. नळी झुकली की त्या वर्षी वरचं कुरण बंद. बिचकणारा माणूस जनावर मारत नाही, जखमी करून सोडतो. लाइलची झुकली होती. पोरगं रडलं, पण ऑरिनने त्याला त्या वर्षी वर नेलं नाही.

नवशिकी पोरगी, तिची झुकणारच. ह्यात वाईट ते काय, व्हर्नाने स्वतःला विचारलं. जनावराच्याच भल्याचं आहे. गॅरेजच्या खणातलं एक मुकं काडतूस तिने कोटाच्या खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेली. हंगामाच्या आधी अख्खं गाव तिथे नेम तपासून जातं. दूरच्या शिखरांवर पहिलं बर्फ पडलं होतं, खाली मात्र ऊन होतं. ऑरिनने लांब मातीच्या बांधावर कागदी थाळी टाचली. तो परत येईपर्यंत व्हर्नाने छोटी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली होती.

"काडतुसं दे, मी भरून देते," ती टेसाला म्हणाली. आधी मुकं, मग त्यावर दोन जिवंत. तळाशी काय गेलं, ते वरून दिसत नव्हतं.

टेसा बाकावर बसली नाही. हात चोळत उभी राहिली.

"आधी तुम्ही मारा ना, व्हर्ना. मला तुमची पकड बघायचीय. पॉप सांगतात, तुमच्यासारखी मॅग्नम अख्ख्या गावात कुणी पेलत नाही."

"ही काही मॅग्नम नाही."

"म्हणून तर. माझ्याच रायफलवर दाखवलंत तर मला कळेल तरी."

"दाखव की तिला," ऑरिन म्हणाला. कौतुकाने त्याची मान ताठ झाली होती. "बघ गं टेसा, डोळ्याची पापणी हलत नाही हिची."

नाही म्हणायला कारण सापडेना. व्हर्ना बसली. कानांवर गार्ड चढवले, गाल लाकडाला लावला, आणि सवयीने दातांवर दात दाबून चाप ओढला.

धक्का आला तो एवढाच, की कुणी खांद्यावर हात ठेवून 'सरक जरा' म्हणावं.

ती थबकली. हे एवढंच? तिने बोल्टची दांडी मागे ओढून पुढचं काडतूस आत सारलं आणि पुन्हा चाप ओढला. पुन्हा तेवढंच. एल्क पडायला एवढंच पुरत होतं तर. तीस वर्षं पुरत होतं. हे त्याला माहीत होतं, त्याच्या हातांना हे भरता येत होतं. लाइलसाठी भरलं होतं, ह्या ओहायोच्या पोरीसाठी भरलं होतं. ती इतकी संतापली की खिशातून काय काढून आत घातलंय, ह्याचा तिला साफ विसर पडला. तिने पुन्हा बोल्ट मागेपुढे करून तिसऱ्यांदा चाप ओढला.

खट्ट.

नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलं होतं. खांदा पुढे आला होता, डोळे गच्च मिटले होते. धक्का आता येत नाही ही बातमी अंगापर्यंत पोचलीच नव्हती.

तिने डोळे उघडले तेव्हा ऑरिन तिच्याकडे बघत होता. त्याने वाकून बोल्ट मागे ओढला. मुकं काडतूस त्याच्या तळहातावर पडलं. भोक त्याचंच होतं, ड्रिलही त्याचंच. ते कुणासाठी भरलं होतं हे कळायला त्याला वेळ लागला नाही.

"काय झालं, पॉप?" टेसा जवळ आली.

ऑरिनची मूठ मिटली.

"फुसका निघाला बार," तो म्हणाला आणि मूठ कोटाच्या खिशात गेली. "दारू घालायची राहिली असणार. चूक माझी."

"तुमची?" टेसाला हसावं की घाबरावं कळेना. "पण असं झालं तर गोळी नळीत अडकते ना? तुम्हीच सांगितलं होतंत."

"बघतो ना." आणि ज्याच्या हातून उभ्या जन्मात एक काडतूस खराब गेलं नव्हतं, तो माणूस गंभीर चेहऱ्याने नळी उजेडाकडे धरून आत नसलेली गोळी शोधू लागला.

टेसा थाळी आणायला बांधाकडे निघाली. ती ऐकू न जाण्याइतकी लांब गेली.

"मला वाटायचं वारा," ऑरिन म्हणाला.

"मीच सांगायची वारा."

"कधीपासून?"

"लाइलच्या आधीपासून."

त्याने रायफल खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. व्हर्नाला वाटलं होतं, ह्या क्षणी तिला बरं वाटेल. निदान एकदा तरी त्याला कळलं, ह्याचा आनंद होईल. तसं काही झालं नाही.

टेसा थाळी हातात घेऊन परत आली. "दोन्ही खालीच लागल्यात," ती अवघडून म्हणाली. "पॉप, ह्यांतही दारू कमी पडली असेल का? राग मानू नका, पण शनिवारसाठी मी दुकानातली एक पेटी घेऊन येऊ का? म्हणजे तुम्हाला त्रास नको."

ऑरिनने थाळीतली दोन भोकं पाहिली. ती का खाली लागली, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं.

"आण," तो म्हणाला. "बरं होईल."

हेच तर व्हर्नाला हवं होतं. आता स्टूल भिंतीला लागलं असतं, ते बाकही पुन्हा एकट्या ऑरिनचं झालं असतं. पण 'बरं होईल' म्हणताना त्याचा आवाज असा काही पडला, की तिला ते ऐकवेना. ऑरिनने तिच्या खांद्याचा विचार केला नाही, वरचं कुरण सहज देऊन टाकलं, ते सगळं खरं. पण त्याच्या काडतुसांना कुणी नाव ठेवावं, आणि तेही हिने?

"दारू बरोबर आहे," ती म्हणाली.

"व्हर्ना, राहू दे," ऑरिन पुटपुटला.

"का राहू दे? दारू बरोबर आहे, टेसा. मी बिचकते. चाप ओढताना डोळे मिटते आणि नळी खाली जाते. मॅग्नमने लावलेली सवय." तिने कोटाची कॉलर बाजूला ओढली. गळ्याजवळच्या हाडाखाली गेल्या आठवड्याच्या सरावाचा डाग अजून पिवळा होता. "आणि ह्याच्या हातून फुसका बार कधी निघालेला नाही. ऑरिन, खिशातलं दाखव तिला."

ऑरिन हलला नाही.

"दाखव म्हणते ना."

त्याने मूठ उघडली. टेसाने मुकं काडतूस उचललं आणि भोकावरून नख फिरवलं. हे कशाला वापरतात, ते बहुतेक लाइलने तिला सांगितलं असावं, कारण ती काही विचारत बसली नाही. तिचे कान लाल झाले.

"माझ्यासाठी होतं हे?"

"हो," व्हर्ना म्हणाली.

टेसाने काडतूस ऑरिनच्या हातात परत ठेवलं. "मग माझीही बघा. तुम्ही भरा, पॉप. मी पाठ फिरवून उभी राहते."

ऑरिनने व्हर्नाकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली. त्याने भरून रायफल ठेवली आणि टेसा बसली. पहिला बार उडाला. दुसऱ्यांदा खट्ट झालं, आणि वाळूच्या पिशवीवरची नळी होती तिथेच राहिली, केसभरही हलली नाही. टेसा तशीच डोळा लावून बसली होती. व्हर्नाने ओढलेली कॉलर पुन्हा सरळ केली.

ऑरिनने घसा साफ केला. "शनिवारचं बघू आपण. मी काय म्हणतो..."

"बघायचं काय त्यात? नियम तुझाच आहे," व्हर्ना म्हणाली. ती रिकाम्या पितळी नळ्या गोळा करायला वाकली. मग कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि सुनेला म्हणाली, "वर गेल्यावर त्याच्या उजवीकडे बस. डाव्या कानाने त्याला काही ऐकू येत नाही. विचारलंस तर सांगणार नाही. डावीकडून एल्कची शीळ आली, की तूच त्याचा गुडघा दाब."

ऑरिनचा हात डाव्या कानाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

व्हर्ना तोवर ट्रककडे चालू लागली होती, त्याच्या डाव्या बाजूने. तिने उत्तर दिलं असेल तर ते त्याला ऐकू आलं नाही.