चौदा नंबरची गाठ

आयोगाच्या खोलीत शिरण्याआधी वकीलबाईंनी सुईणीला बाकावर बसवले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, आज दोरी तुम्ही वाचायची नाही. दुसरं माणूस वाचणार आहे."

"दुसरं कोण वाचणार? ते काय वर्तमानपत्र आहे?"

"तुमची धाकटी सुईण. तुमच्या हाताखाली शिकून दुसऱ्या कारखान्यात गेली, ती. आठ वर्षांत तुमची गाठभेट नाही. तिनं वाचलेलं आणि तुम्ही मला सांगितलेलं जुळलं, तर ही दोरी थाप आहे असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. कल्पना माझीच आहे."

सुईणीने तळहात गुडघ्यांवर पुसले.

काचकारखान्याचा कायदा सरळ होता. बांधील बाईच्या पोटी जन्मलेले मूल पंचवीस वर्षांचे होईपर्यंत कारखान्याचे. वय मात्र कारखान्याच्या रजिस्टरात, आणि त्या रजिस्टरात पंचविशी कुणी ओलांडतच नसे. केस पिकत, दात पडत, तरी माणसे तेविसाचीच राहत. वकीलबाई अकरा वर्षे या कायद्यामागे हात धुऊन लागल्या होत्या. त्यांनी पुस्तिका लिहिल्या, सभांमध्ये शिव्या खाल्ल्या, दोनदा कोठडीत जाऊन आल्या. पण पुरावा हाती लागला तो गेल्या वर्षी, सुईणीच्या खोलीत खुंटीला टांगलेला.

प्रत्येक बाळंतपणाला दोरीत एक मोठी गाठ. मुलगी असेल तर गाठीत निळा धागा. खाली खोलीचा नंबर: दहाला एक वेढा, एकाला एक बारीक गाठ. वर्षातून एकदा आतल्या विटा बदलायला भट्टी थंड करत, तेव्हा एक लाल चिंधी. चिंध्या मोजल्या की वय कळे. एकूण चारशे बारा गाठी होत्या. त्यांतल्या चारशे अकरा खऱ्या होत्या.

उरलेली तिच्या स्वतःच्या मुलीची. त्या काळी मुकादम सुईणीला विचारून वय लिहीत असे. बाळंतपणानंतर उठून बसता येताच तिने ती गाठ दोन चिंध्या मागे, मोकळ्या जागेत मारली होती. पोरगी दोन वर्षे आधी सुटेल, एवढेच डोक्यात होते. पुढे मुकादमाचे विचारणे बंद झाले, गाठ राहिली. दोरीप्रमाणे मुलीला गेल्या महिन्यात पंचवीस पूर्ण झाली होती आणि आत्ता ती बाहेर फाटकापाशी इतरांबरोबर उभी होती.

त्या बाळंतपणाला मदतीला धाकटीच होती.

खोलीत आयोगाचे तिघे आणि कारखान्याचा मॅनेजर बसले होते. दोरी टेबलावर पसरलेली पाहून मॅनेजर हसला. "गाठींवरून वय! उद्या उशीवरून उंची सांगाल."

"साहेब," धाकटी म्हणाली, "तुमच्या रजिस्टरात माझी आई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे."

आयोगाचा लेखनिक हसू दाबत खाली पाहू लागला. अध्यक्षांनी पेन उचलले. "दोरीत जे आहे तेवढंच वाचायचं. सुरू करा."

धाकटीने डोळे मिटले. तिची बोटे सुईणीच्याच बोटांसारखी चालत, अंगठा पुढे, तर्जनी मागे. "खोली तीस. मुलगा. खोली दोन. मुलगी." लेखनिक लिहीत होता. वकीलबाई स्वतःजवळच्या यादीवर खुणा करत होत्या. एकही खूण चुकत नव्हती.

"चिंधी. खोली चौदा. मुलगा. मेणाचा थेंब आहे, म्हणजे गेलेला."

तो सुईणीचा मुलगा. आठवडाभरही जगला नव्हता. इतक्या वर्षांत त्या गाठीवर तिचे बोट कधी थांबले नव्हते.

आणखी चार गाठी गेल्या. मग धाकटीचा अंगठा अडला. तिने डोळे उघडले आणि थेट सुईणीकडे पाहिले.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारले.

"काही नाही. खोली चौदा. मुलगी." तिने डोळे पुन्हा मिटले. "खोली एकवीस. मुलगा."

सुईणीचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. मग तिने मनात दोन्ही गाठी शेजारी ठेवल्या. मध्ये चिंधी नव्हती. फक्त चार गाठी, म्हणजे फार तर पाच महिने. चौदा नंबरच्या खोलीत तिच्याशिवाय कुणी बाई राहत नव्हती, आणि एका बाईला पाच महिन्यांत दोनदा मूल होत नाही. ज्या गाठीकडे पाहायचे टाळले, तिच्याच शेजारी तिने खोटी गाठ मारून ठेवली होती.

वाचन संपले. "सगळं जुळतंय," वकीलबाई म्हणाल्या.

मॅनेजर आता हसत नव्हता. तो भट्टीचे तापमान दर तासाला स्वतः तपासणारा माणूस होता. "मला यादीची नक्कल हवी," तो म्हणाला. "उद्यापर्यंत एकेक ओळ बघतो."

त्याला उद्याची गरज नव्हती. तासाभरात सापडले असते.

सुईण उठली. वकीलबाई कुजबुजल्या, "मावशी, बसा."

"साहेब, चौदा नंबरची मुलगी दोन वर्षं मागे बांधलीय. ती गाठ खोटी आहे. मुलगी माझी."

"झालं!" मॅनेजरने टेबलावर हात आपटला. "एक खोटी निघाली. बाकीच्या खऱ्या कशावरून?"

"खोटं बोलायला कारण लागतं, साहेब. मला मुलगी एकच."

अध्यक्ष धाकटीकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"हो. मीच नाळ कापली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"दोरीत आहे तेवढंच वाच, म्हणालात."

तिघे बराच वेळ आपसात बोलले. मग अध्यक्षांनी लेखनिकाला सांगितले, चारशे अकरा नोंदी ग्राह्य, एक वगळावी. कायदा राहावा की जावा, यावर आयोग पुढच्या बैठकीत बोलणार होता. तोवर दोरीप्रमाणे पंचविशी उलटलेल्यांना आजच सोडायचे होते.

दाराबाहेर वकीलबाई म्हणाल्या, "हे मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही. अकरा वर्षं पाण्यात गेली असती."

"तुम्हीही आजचं मला आजच सांगितलंत, बाई."

"कायदाच घालवते," वकीलबाई म्हणाल्या. "दोन वर्षं लागणार नाहीत."

सुईणीने मान हलवली आणि फाटकाकडे गेली. मुलीने आईचा चेहरा लांबूनच वाचला.

"माझा नंबर नाही ना?"

"तू तेवीसची आहेस. मी वाढवून बांधलं होतं. आत सांगून आले."

"म्हणजे माझं वय आयोगाला माझ्याआधी कळलं." मुलगी हसली, पण ते हसणे चांगले नव्हते. "तुला सांगायलाच हवं होतं?"

"नाहीतर सगळेच अडकले असते."

"सगळे तुझे कोण लागतात?"

सुईणीने मुलीच्या दंडाला हात लावला. मुलीने तो झटकला नाही, पण तिकडे पाहिलेही नाही.

लेखनिक कागद घेऊन पायरीवर आला आणि सुटणाऱ्यांचे नंबर वाचू लागला. त्याचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. मागची माणसे टाचा उंचावून एकमेकांना विचारत होती, काय म्हणाला, कोण म्हणाला. एक म्हातारा कानामागे हात धरून रडवेला झाला होता.

मुलगी आईपासून बाजूला झाली, गर्दीतून वाट काढत पायरीशी जाऊन उभी राहिली आणि लेखनिकाचा एकेक नंबर मागच्यांसाठी ओरडून सांगू लागली.