शालूची स्कूटर पुन्हा रस्त्यावर

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे आणि आज माझा आनंद पत्र्यात मावत नाही! वर्षभरानंतर मला माझा नंबर परत मिळालाय. आज मी पुन्हा रस्त्यावर धावले! पण हे वर्ष कसं गेलं, ते आधी ऐकाच.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी मोतिया रंगाची, अगदी नवरीसारखी होते. तारापूरकडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या शालूनं मला घेतलं आणि आठवड्याभरात मला जो मासळीचा वास लागला, तो आजतागायत गेलेला नाही. पुढे बोंबील-मांदेलीची टोपली, मागे बर्फाची पेटी, की आम्ही भुर्रकन बोईसरला! वाटेवरच्या सालवडच्या चाळींत माझा हॉर्न ऐकून बायका ताटल्या घेऊनच बाहेर यायच्या. शालूची गाडी कधी दगा देत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. मी तर फुगून जायचे!

शालूचा मुलगा धीरज तेव्हा सोळा वर्षांचा. त्याच्या मावसबहिणीची, जागृतीची, हळद होती. सकाळीच ताडीचे कॅन आले. आता बघा, आमच्याकडे ताडीला कोणी दारू म्हणतच नाही. झाडाचं पाणी ते, पाहुण्याला चहासारखं द्यायचं. सकाळची गोड ताडी ऊन चढलं की आंबते, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मनावर घेतो कोण? पंढरीमामानं धीरजला ग्लासावर ग्लास भरून दिले. शालूनं ते पाहिलं आणि ती हसली. दुपारी बर्फ संपला. तिनं कमरेची चावी काढून धीरजच्या हातात दिली आणि बोईसरहून बर्फाची लादी आणायला सांगितलं.

अहो, काय पळवलं त्यानं मला! आधी मलाही मजा वाटली. मग हँडल डळमळायला लागलं. सालवडच्या अलीकडे दिनानाथ नावाचे कामगार पाळी संपवून सायकलवरून घरी चालले होते. धीरजनं ब्रेक दाबला, पण उशिरा. त्यांचा पाय माझ्याखाली आला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मित्रांनो. धीरज रस्त्यातच रडत बसला. कळवळत असतानाही दिनानाथांनी त्याच्याकडे पाहून एवढंच विचारलं, "बच्चा है ये. इसको चाबी किसने दी?"

पोलिसांनी धीरजला यंत्रात फुंकायला लावलं. त्या यंत्राला ताडी काय आणि दारू काय, सारखीच! धीरजचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. शालूवर वेगळा खटला झाला, कारण अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर कायदा पालकालाच धरतो. तीन वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो, असं वकिलांनी सांगितलं. आई आत गेली तर काय, या विचारानं धीरजला घास गिळवेना.

पंढरीमामानं युक्ती काढली. पोरानं न विचारता खुंटीवरची चावी उचलली, असं सांगायचं. आईला काही माहीत नव्हतं हे पटलं, तर ती सुटू शकते. धीरज लगेच तयार झाला. शालू मात्र उठून मासळी निवडायला गेली.

मी तेव्हा पोलीस ठाण्याच्या आवारात धूळ खात होते, मांजरी माझ्या सीटवर झोपायच्या. पण कोर्टातली हकिकत पुढे आमच्या अंगणात इतक्यांदा सांगितली गेली, की मला तोंडपाठ आहे. शालू उभी राहिली आणि म्हणाली, "चावी मी माज्या हातानं दिली. तो ताडी प्यालेला हाये, ह्ये मला म्हाईत व्हतं. माज्या पोराला चोर करू नका."

दंड झाला पंचवीस हजार आणि कैद कोर्ट उठेपर्यंतची. संध्याकाळपर्यंत शालू तिथल्या बाकावर बसून होती आणि धीरज दाराबाहेरून हलला नाही. त्याला आता पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळणार नाही. आणि माझी नोंदणी वर्षभरासाठी रद्द! मी ताडीचा थेंब चाखला नव्हता, तरी शिक्षा मलाही झाली बरं का.

वर्षभर माझ्यावर कोंबड्या बसल्या. शालू डोक्यावर टोपली घेऊन टमटमनं जायची. धीरज शाळेआधी तिच्यासोबत ओझं उचलायचा. दर रविवारी मला पुसायचा, पण सीटवर एकदाही बसला नाही.

आणि आज! शालूच्या दोन्ही हातांत टोपली होती. सवयीनं तिनं बोटात अडकवलेली चावी धीरजपुढे केली, गाडी चालू कर म्हणाली. त्यानं चावी घेतली नाही, टोपली घेतली. "चावी तुज्याकडंच ऱ्हाऊ दे, आये," म्हणाला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. शालूनं किक मारली. मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले! काय तो वारा, काय तो रस्ता! माझा आरसासुद्धा नाचत होता.

सालवडला पोचलो, तर चाळीच्या पायरीवर दिनानाथ बसलेले. काठी अजून सुटलेली नाही. त्यांनी मला ओळखलं, धीरजकडे पाहिलं आणि विचारलं, "आज चाबी किसके पास है?"

शालूनं चावी वर करून दाखवली. दिनानाथांनी काठी बाजूला ठेवली आणि बोंबलांसाठी ताटली मागवली.

मित्रांनो, मला विचारता येत नाही, माझा हॉर्नही दुसऱ्यालाच दाबावा लागतो. तुम्हाला तर तोंड आहे. दिनानाथांचा हा प्रश्न तुमच्या घरी गाडी निघायच्या आधी विचाराल ना?