काड्यांची जुडी

रबर तोच होता, पिवळा, एका ठिकाणी गाठ मारलेला. पण त्याच्या आतली काड्यांची जुडी बारीक झालेली. आइस्क्रीमच्या काड्या, धुऊन वाळवलेल्या, कडांवर दातांचे व्रण. माहेरच्या देवळीत आरशामागून शिवकन्येने ती सहज उचलली आणि मुठीला ते आधी कळलं, मनाला नंतर... संक्रांतीनंतर ती सासरी पुसेगावला गेली तेव्हा ही जुडी जाड होती, रबर तुटेल की काय असं वाटायचं. की आपणच आता ती तशी आठवतो आहोत?

वडिलांच्या, आबांच्या, तोंडातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, विजेचे शेक झाले, मग नांदेडच्या दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना शिकवलं होतं — दातांमध्ये काड्या धरायच्या आणि जबडा जरा सैल झाला की एक काडी वाढवायची. वाढवायची. कमी करायचं कुणी बोललंच नव्हतं. कमी कधी होणार? तोंड पुन्हा मिटायला लागलं तरच. आणि ते का मिटेल, दुखणं परतल्याशिवाय?

"आबा, काड्या कमी झाल्या का हो?"

आबा ओसरीवर सूप घेऊन बसले होते. हळकुंड कानाजवळ न्यायचं, मोडायचं, आणि आवाजावरून ठरवायचं, वाळलं की अजून ऊन पाहिजे. हट्टा गावात बाकीचे नखाने बघत, दाताने बघत, आबा कानाने.

"हाये की बराबर," ते म्हणाले आणि पुढचं हळकुंड मोडलं. कट्. उत्तर मला दिलं की हळदीला?

"अंगावर पाजणाऱ्या बाईनं असं उचकाउचक करत बसू न्हाई," माय चुलीजवळून म्हणाली. "लेकरू रडून राहिलं. पाज आधी."

पाज आधी. कालपासून प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर. पाजणारीच्या कानावर वाईट खबर घालायची नाही, दूध आटतं — हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. शेजारच्या भिकाबाईला तिचा बाप गेल्याचं तिचं पोरगं चालायला लागल्यावर सांगितलं होतं म्हणे. तोवर ती येणाऱ्याजाणाऱ्याजवळ बापासाठी निरोप देत राहिली, आणि लोक ते निरोप मान हलवून घेऊन जात राहिले. ही गोष्ट या घरात मायेची गोष्ट म्हणून सांगायचे. शिवकन्याही तशीच ऐकायची. आता मात्र तिला त्या माना दिसू लागल्या — हलणाऱ्या, समजूतदार... माझ्यासमोर सकाळपासून हलताहेत तशाच.

आणि उष्टावणाची ही घाई. सातव्या महिन्यात करायचं ठरलेलं, मागच्या आठवड्यात अचानक भावाचा, सोमेश्वरचा फोन, "ये तायडे, उरकून घेऊ." उरकून! मुलीचं पाचव्यात चालतं, हे खरं. मायजवळ प्रत्येक गोष्टीला खरं उत्तर आहे, तेच तर... शिवाय पहिला घास मामाच्या मांडीवर, आणि मामा तर इथेच, धडधाकट. तरी आज म्हणे आबाच चारणार.

परसात सोमेश्वर हळदीचं बेणं निवडत होता. बाळीला कडेवर घेऊन ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काहून एवढी घाई रे?"

"घाई कशाची? उद्या आबाला घेऊन नांदेडला जाऊन राहिलो. मंग हळदीचा पॉलिशवाला येतो. मंग लगनसराई."

"तपासणी उद्याच हाये ना? का झाली?"

"झाली असती तर उद्या काय नांदेडला भजे खायाला चाललो का?" तो हसला. तीही हसली. पण हसताना तो बाळीकडे नाही, तिच्याकडे नाही, ढिगाकडे बघत होता — आणि तिथेच तिला त्या दिसल्या. बेण्याच्या दोन ढिगांवर रोवलेल्या दोन काड्या, दातांच्या व्रणांसकट.

"ह्या आबाच्या ना?"

"व्हय. हे नवं बेणं, हे जुनं. खुणेला कायतरी लागतं का न्हाई?"

एक श्वासभर सगळं मोकळं झालं. एवढंच होतं तर! तिने बाळीचा पापा घेतला, टाळू हुंगली, आत जायला वळली... आणि वळताना कुंपणाजवळ तुराट्यांची पेंडी दिसली. इतक्या तुराट्या पडलेल्या असताना खुणेला आबांच्या काड्या? सकाळी मी विचारल्यावर माय सूप झटकायला म्हणून परसात आली होती ना? पाचोळ्याची धूळ ढिगावर होती, काड्यांवर नव्हती. की होती? परत जाऊन बघावं... छे. पाठचा भाऊ आपल्याला दिसावी म्हणून काडी रोवून ठेवेल, असं ज्या बाईला वाटतं तिला काय म्हणावं?

तिने बाळीला पदराखाली घेतलं. बाळीने ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं, आणि तोंड सोडून रडू लागली. दोन दिवस हेच चाललं होतं. हे शिवकन्येने कुणाला सांगितलं नव्हतं. खबर न ऐकताच दूध कमी होत होतं. आणि हे मायला कळलं तर ती जे बोलते आहे तेवढंही बोलायची नाही. म्हणून रडणं वाढलं की शिवकन्या मोठ्याने म्हणायची, "दात येऊन राहिले वाटतं."

दुपारी भिकाबाई आली, अजून दोघीतिघी आल्या. पाटावर आबा बसले, मांडीवर नवं झबलं घातलेली बाळी. मायने बोटातली अंगठी खिरीत बुडवून त्यांच्या हातात दिली.

"मामाला वाळीत टाकलं का काय?" भिकाबाईने सोमेश्वरला टोमणा मारला.

"माझा हात पडला खरबुडा. लेकरू भेईल," तो म्हणाला. सगळ्या हसल्या. शिवकन्येने हसण्यांत एखादं हसू उशिरा येतं का, ते ऐकलं.

तिने ठरवलं होतं. लेकराला भरवताना मोठ्या माणसांची तोंडं आपोआप उघडतात. आबांचंही उघडेल, आणि मी मोजीन. काड्यांनी नाही, डोळ्यांनी.

"आऽऽ कर, बाई माझी. आऽऽ..." माय बाळीला म्हणाली.

भिकाबाईचं तोंड उघडलं, मायचं उघडलं, सोमेश्वरचंही. आबांचं — व्रणाच्या बाजूने, जिथे मिशी परत आलीच नाही तिथे, ओठ ताणले जाऊ लागले... आणि नेमकं तेव्हाच त्यांनी वर पाहिलं. बाळीकडे नाही, तिच्याकडे. शिवकन्येने झटकन नजर खाली घेतली. बाळीच्या ओठांवर खीर होती, बाळी अंगठी चोखत होती. पुन्हा वर पाहिलं तोवर आबांचं तोंड मिटलेलं होतं. नेहमीसारखं, काहीही न सांगणारं. माझीच नजर हलली. का हलली? मला खरंच मोजायचं होतं का...

बाया गेल्या. ओसरीवर ऊन तिरपं झालं. उद्याची पिशवी माय आत भरत होती. आबा पुन्हा सूप घेऊन बसले आणि ती उंबऱ्यात, भिंतीला टेकून, पदराखाली बाळी. ओढणं, थांबणं, रडणं.

"बाई," आबा सुपाकडे बघत म्हणाले, "दूध पुरतं ना लेकराला?"

"पुरतं की बराबर."

लगेच म्हणाली. इतकं सरळ, इतकं बिनधोक, की सकाळचा त्यांचा आवाज आपल्याच तोंडातून आल्यासारखं तिला वाटलं. म्हणजे असं म्हणता येतं तर. जबडा न हलवता, डोळा न लववता. आणि म्हणताना वाईट वाटत नाही, उलट समोरच्याची फार माया येते...

हळकुंडांचा आवाज थांबला होता. तिने पाहिलं. आबांनी एक हळकुंड कानाजवळ धरलं होतं, दोन्ही हातांत, मोडायच्या बेतात. पण ते ऐकत होते तिला. दिवसभर तिने त्यांच्याकडे पाहिलं होतं, अगदी तसेच ते तिच्याकडे पाहत होते — मान किंचित कलती, डोळे बारीक, एका शब्दावरही विश्वास नसलेले. तिला एकदम उघडं पडल्यासारखं झालं, आणि का कोण जाणे, ऊबही वाटली. कुणीतरी मलाही मोजत होतं.

तिने या वेळी नजर खाली घेतली नाही. बाळी रडत होती.

आबांनी ते हळकुंड मोडलं नाही. वाळलेल्यांत टाकलं नाही, ओल्यांतही नाही. सुपाच्या कडेला वेगळं ठेवलं.