साहेबांचा पंखा

"आज तू जाऊ नकोस. संध्याकाळी ऐरण न्यायला माणूस येतोय," लोहार खाटेवरूनच म्हणाला.

"साहेब एकदा तोंडानं नाही म्हणू देत," लोहारीण चप्पल पायात सरकवत म्हणाली. "मग ऐरण विका, भाता विका, उरलेच तर मलाही विका."

"तुला कोण घेतंय या मंदीत!"

तिला हसू आलं, पण हसायचाही कंटाळा आला होता. बाजार बसला, माल शेतातच वाळला. मग नांगर कोण हाकणार आणि फाळ पाजवायला कोण येणार? सरकारनं माल उचलावा म्हणून गाव आळीपाळीनं कचेरीपुढे बसत होता. ओरडून लोहाराचा घसा बसला, तेव्हापासून त्याची पाळी हिच्याकडे आली होती.

खिडकी उंच. खालून साहेब दिसत नसत, फिरता पंखा तेवढा दिसे. शिपाई म्हणे, "साहेब कामात आहेत." लोक पुन्हा घोषणा देत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

दुपारी तापलेल्या मातीवर म्हातारा मेंढपाळ भोवळ येऊन पडला. लोहारीण पाण्यासाठी कचेरीच्या मागल्या दारानं आत धावली आणि दारातच थांबली. साहेबांच्या टेबलावर बोटभर धूळ होती. पंख्याखाली शिपाई फरशीवर बसून फाटका सदरा शिवत होता.

"साहेब?"

"बदली होऊन गेले, वहिनी. मंदी आली तेव्हाच. नवीन कोणी आलंच नाही."

"मग आम्ही बोंबलतोय कोणापुढे?"

"माझ्यापुढे," शिपाई खाली बघत म्हणाला. "मलाही पगार नाही. पण तुम्ही उठलात, तर इथं कचेरी आहे हे तरी वर कोणाच्या ध्यानात राहील?"

त्याला चार शिव्या हासडाव्यात असं तिला वाटलं. पण तेवढं बळही उरलं नव्हतं. तिनं तांब्या भरला.

"आज पंखा उशिरा लावलास," ती म्हणाली. "उद्या वेळेवर लाव."

मेंढपाळानं पाणी पिऊन डोळे उघडले. सगळे तिच्याकडेच बघत होते. "दिसले का गं साहेब?"

त्या चेहऱ्यांपुढे खरं बोलायचा तिला धीर झाला नाही.

"कामात आहेत," ती म्हणाली.

संध्याकाळी घरापुढे गाडी उभी होती. लोहार आणि ऐरण घेणारा, दोघं ऐरणीला हात घालायच्या बेतात होते.

"काय म्हणाले साहेब?" लोहारानं विचारलं.

"पंखा फिरतोय," ती म्हणाली आणि ऐरणीवर जाऊन बसली.