ही संपदा कोण?

"ही बाई आपल्या घरात येऊन गेलीय," हे मोबाइल नाकाशी धरून म्हणाले. "येऊन काय, राहून गेलीय!"

मी ताटात तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही. "कोण बाई?"

"संपदा. नुसतं संपदा, आडनाव नाही. आडनाव लपवणारी माणसं सरळ नसतात. राकेशने आमच्या कारखान्यातल्या जुन्या ग्रुपवर टाकलंय. ई-बुक आहे म्हणे, एकाच गोष्टीचं. ऐक. 'घरात शिरल्याबरोबर तो फळीवरून बोट फिरवायचा आणि ते बोट तिच्यासमोर धरायचा.' हे मी करतो! दुसरं कोण करतं?"

दुसरं कोणीच करत नाही. हे ओझरला विमानांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. हे रिटायर झाले, पण तपासणी काही रिटायर झाली नाही. दूधवाल्याचं माप, गॅसच्या टाकीचं वजन, रिक्षाचं मीटर, माझ्या फोडणीतलं तेल, सगळ्यांवर नजर. वाईट माणूस नाही हो. कधी हात उचलला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. पण संसारभर तपासून घेणं म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

म्हणून तर ती गोष्ट लिहिली. हो, मीच लिहिली.

वल्लरीने, म्हणजे आमच्या लेकीने, पुण्याहून फोनवर एकेक पायरी सांगितली आणि मी चष्मा पुसत पुसत बटणं दाबली. ई-बुक काढायच्या त्या वेबसाइटवर दोन रकाने होते. पहिल्यात पॅन कार्डावरचं नाव. तिथे मालिनी बाळाजी देवरे लिहिलं. दुसऱ्यात विचारलं होतं, पुस्तकावर कोणतं नाव हवंय? मी बघतच राहिले. अहो, तुला कोणतं नाव हवंय, असं मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. देवाशप्पथ, त्या रकान्याकडे बघून डोळे भरून आले. मी संपदा लिहिलं.

"आई, ही संपदा कोण?" वल्लरीने विचारलं.

पोटच्या पोरीला माहीत नाही! तिला म्हटलं, "अगं, माझं माहेरचं नाव. तुझ्या बाबांनी लग्नात तांदळावर अंगठीने मालिनी लिहिलं आणि विषय मिटला. तुझ्या आजीला तेच नाव पसंत होतं."

"मला कधी बोलली नाहीस! बाबांना तरी आठवत असेल ना?"

"बघू," मी म्हटलं.

बघायचंच होतं मला. हे स्वतः मला कधी मालिनीही म्हणाले नाहीत. 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर आमचं सगळं निभावलं. ह्यांनी ते नाव ओळखलं, तर आपण सगळं सांगून टाकायचं, पेढे आणायचे, असं मी मनाशी ठरवलं होतं. नाही ओळखलं तर काय, याचा विचारच केला नव्हता.

आणि आता हे तेच नाव तोंड भरून घेत होते. ह्यांच्या तोंडून ते मी ह्या घरात पहिल्यांदाच ऐकत होते. शेवटचा खडा काढून झाला, तरी माझा हात तांदळातच राहिला.

"बँकेत एक संपदा होती," हे म्हणाले. "छे, तिची तर कळवणला बदली झाली. मग हे नाव खोटं. आणि माहिती पुरवणारं माणूस घरातलंच. लताबाई! इकडे या जरा."

लताबाई मोरीतून हात निथळत आल्या. पंचवटीहून येतात, आमच्याकडे त्यांची कितीतरी वर्षं गेली.

"आमच्या घरातलं बाहेर कोणाला सांगता तुम्ही?"

"म्या काय सांगनार, साहेब? मला लय घरं हायेत. ह्याचं त्याला सांगत बसले तर भांडी कवा घासू?"

"मग हे छापून कसं आलं? उद्यापासून येऊ नका."

लताबाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमी तरी बोला की! म्या कुनाजवळ कदी तोंड उघडलं नाय."

गरीब गायीच्या गळ्यात माझं लोढणं! मला राहवेना. मी म्हटलं, "त्यांना काही बोलू नका. ती गोष्ट मी लिहिलीय."

हे हसले. "तू? काहीतरीच! वर नाव संपदा आहे."

"हो."

"मग?"

फळीवरच्या त्या बोटाने मला कधी दुखलं नाही इतकं ह्या 'मग'ने दुखलं. मी ताट ह्यांच्यापुढे सरकवलं.

"लग्नाच्या दिवशी तुम्ही तांदळावर मालिनी लिहिलंत. आठवतं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते लिहायच्या आधी माझं नाव काय होतं?"

ह्यांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हातातल्या मोबाइलकडे. तो अजून उजळलेला होता.

"संपदा," हे हळूच म्हणाले.

आठवून म्हणाले की मोबाइलवरचं वाचून, मला आजही ठाऊक नाही. डोळ्यांत बघावं तर डोळे खाली. तपासणीवाल्याच्या घरात जन्म काढला, पण एवढी एक गोष्ट मला तपासता आली नाही. विचारायचाही धीर झाला नाही.

लताबाई दारातच उभ्या होत्या. "माझं कुसा व्हतं," त्या म्हणाल्या. "माय कुसाबाई म्हनायची. हितं कुनाला ठावं नाय."

मलासुद्धा नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"उद्या वेळेवर या, कुसाबाई," मी म्हटलं. त्या पदराने डोळे पुसत मोरीकडे वळल्या.

ह्यांनी मोबाइल पालथा ठेवला. ताट पुढे ओढून, मान खाली घालून, एका बोटाने ते तांदळात खडे शोधू लागले. ते तांदूळ माझे केव्हाच निवडून झाले होते.