घंटेनंतरचा घाव

नेस्टाआत्याला जिना चढवेनासा झाला, तेव्हा इडवल प्रॉसरने तिच्यासाठी वृद्धाश्रमात जागा पाहिली. जागा उत्तम होती. दोष एकच. त्या दगडी इमारतीत पूर्वी निराधारांना कोंडून कामाला जुंपणारा गरीबखाना होता, आणि या वेल्श गावातल्या नव्वदी ओलांडलेल्या माणसाला ‘तिथे राहायला जा’ म्हणणे म्हणजे जिवंतपणीच खांदेकरी बोलावण्यासारखे होते.

“माझी आजी तिथून सुटली,” आत्या म्हणाली, “आणि तू मला परत कोंडायला निघालास. छान पांग फेडलेस.”

“आत्या, तिथे आता चोवीस तास गरम पाणी असतं.”

“तुरुंगातही असतं.”

आजी म्हणजे मार्गेड. आई गेल्यावर सात वर्षांची मार्गेड आणि तिचा बाप ग्रिफ जार्मन एका हिवाळ्यात गरीबखान्याच्या दाराशी आले. दारातच बाप पुरुषांकडे गेला, लेक मुलींकडे; मध्ये भिंत. पलीकडे बाप रस्त्यासाठी खडी फोडी. भेटीची सोय नव्हती. मात्र बाप रोज हातोड्याने लेकीसाठी खूण वाजवी, अशी गोष्ट घरात चालत आली होती.

इडवलने चार वर्षे जुनी दप्तरे धुंडाळली होती. दोघे आत आल्याची नोंद होती. तेराव्या वर्षी मार्गेड एका शेतावर चाकरीला गेल्याचीही होती. ग्रिफ बाहेर पडल्याची नव्हती, आणि त्याची कबरही सापडत नव्हती. त्या माणसाचे एवढेच उरले होते: एक खूण. तिच्यावर इडवलचा विश्वास नव्हता. ध्वनिशास्त्र शिकवण्यात त्याची हयात गेली होती.

“बाप जिच्या दिशेने वाजवायचा ती खोली शोध,” आत्याने अट घातली. “ती मिळाली तर येते.”

जुन्या नकाशावरून खोली सहज सापडली. ती रिकामीही होती. पण अर्धवट सत्य सांगणे इडवलला जमत नसे. चहा घेताना त्याने समजावले, की हातोड्याचा आवाज तीक्ष्ण असतो आणि तीक्ष्ण आवाज भिंतीला अडतो; खर्ज तेवढा वळसा घालतो. शिवाय तिकडे वीसेक माणसे एकदम खडी फोडत. “त्यातून एक हातोडा ओळखणं अशक्य आहे, आत्या.”

आत्याने कप खाली ठेवला. इडवलचाही कप बशीत विसावला. मग सवयीने तिने बोटाच्या पेराने टेबलावर एक ठोका दिला.

जेवणखाण उरकले की घरातली सर्वांत वडील व्यक्ती तो ठोका देई. लहानपणापासून इडवलला ती नुसती रीत वाटत आली होती.

“हे कुणी सुरू केलं?”

“आजीने.”

“शेवटीच का?”

“सगळ्यांचे चमचे थांबल्यावरच द्यायचा असतो. नाहीतर कळणार कसा?”

इडवलच्या मनात चमच्यांच्या जागी हातोडे आले. काम थांबायची घंटा होताच एकोणीस हातोडे खाली पडत असतील. विसाव्याने त्यानंतर एकच घाव घातला, तर तो निवडून काढावा लागत नाही. हा पुरावा नव्हता. अशा सवयीचे उगम शंभर असू शकतात. पण अशक्य होते ते आता केवळ दुर्घट उरले होते. ते खरे ठरावे असे आपल्याला वाटते आहे, हेही त्याच्या लक्षात आले आणि प्रयोगातील एक दोष म्हणून त्याने ते मनाशी मांडून ठेवले.

तिथेच प्रयोग करून पाहायचे ठरले. गरीबखान्यातल्या पुरुषांच्या अंगणात आता मोटारी उभ्या राहत. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक रिअन बेवन भिंतीच्या टोकाशी उभ्या राहिल्या. तिथून त्यांना दोन्ही बाजू दिसत होत्या. आत्या त्या खोलीत खिडकीपाशी बसली. आवाज आला तर तिने हात वर करायचा होता. दुपारच्या जेवणाची घंटा वाजली, थांबली. अंगणातून इडवलने हातोड्याने दगडावर एकच घाव घातला.

“केला हो वर!” बेवनबाईंनी हाक दिली.

रुमालासाठी त्याने खिशात हात घातला, तर हाती आत्याचे कानातले यंत्र आले. सकाळी सेल बदलायला घेतले होते. परत द्यायचे राहिले होते. त्याच्याविना तिला शेजारची किटलीही ऐकू येत नसे.

तो आत गेला. तिने यंत्र कानात बसवेपर्यंत थांबला.

“ऐकू आलं होतं?”

“छे.”

“मग हात कसा वर केलास?”

“ताटं घेऊन बाई आली. म्हणजे घंटा झाली. म्हणजे तू वाजवलं असणार. सांगितलेलं तू कधी चुकवत नाहीस. वैताग येतो त्याचा.”

“आत्या, मग प्रयोग फुकट गेला.”

“आजीला ऐकू यायचं, असं मी कधी म्हटलं? बाप वाजवतो, एवढंच ती म्हणायची.” तिने खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहिले. “माझी खुर्ची कधी आणतोस?”

“उद्या.”

हातोडा आणायला इडवल अंगणात परतला. टेबलावरचा ठोका मार्गेडने जन्मभर दिला. तो बापाची आठवण होती, की त्याला द्यायचे राहिलेले उत्तर, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नव्हते. आत सगळे जेवत होते. त्याने आणखी एक घाव घातला आणि पलीकडून काही येण्याची शक्यता शून्य आहे हे ठाऊक असूनही, भिंतीकडे कान करून तो बराच वेळ उभा राहिला.