स्कर्टची दुमड

"मास्तर, बघा हो! दोनदा खाली करून झाला, तरी पार गुडघ्याच्या वर गेलाय!"

वकीलबाईंनी लेकीला शिंप्यापुढे उभं केलं. मुलीच्या निळ्या स्कर्टवर जुन्या दुमडीच्या दोन आडव्या रेघा दिसत होत्या. आता उसवायलाही कापड उरलं नव्हतं.

शिंप्याला चेव आला. त्याची स्वतःची लेक, बारकी, उंबऱ्यात बटणं लावत बसली होती. दोघी एकाच वर्गातल्या.

"आमच्या बारकीचं बघा! त्याच स्कर्टचं तिसरं वर्ष. अजून दुमडीला हात लावलेला नाही. कपडा वापरावा तर तिनं!"

बाई हसल्या नाहीत. बारकीकडे बघत हळूच म्हणाल्या, "राग मानू नका, मास्तर. पण पोरगी वाढायला नको का?"

त्या गेल्या आणि शिंप्याचं डोकं फिरलं. मोठी आली शहाणी! लोकांच्या पोरी कपडे फाडतात, आपली जपते, हाही आता गुन्हा झाला का? त्याने मशीन चालवलं. शिवण वाकडी गेली. उसवून पुन्हा घातली, पुन्हा वाकडी. पाणी प्यायला उठला आणि न पिताच येऊन बसला.

"बारके, इकडे ये."

ती आली. स्कर्ट पहिल्या दिवशी जिथे आला होता तिथेच होता, गुडघ्याखाली चार बोटं. गल्लीतल्या सगळ्यांची मापं घेणाऱ्याने स्वतःच्या लेकीला कधी टेप लावली नव्हती. उरलेल्या कापडातून तिचं अंदाजानेच बेतायचं.

"ताठ उभी राहा."

"ताठच आहे, बाबा."

आतून बायको म्हणाली, "लहानखुरी आहे ती. तुमच्या आईवर गेलीय."

"माझी आई लहानखुरी नव्हती," तो एकदम ओरडला. "तिला कधी पोटभर मिळालंच नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बारकीला घेऊन निघाला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बारकीची खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त फारच कमी आहे. सकाळी काय खातेस?"

"चहा घेते."

"झोप?"

"बाबांचं काम संपलं की. मशीन उशाशीच आहे ना."

शिंप्याला कुठे बघावं कळेना.

"गोळ्या देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गोळीने पोट भरत नाही. खाणं हवं, झोप हवी. अजून वाढीचं वय आहे. हे गेलं की मग माझ्याकडे काही नाही."

तीन वर्षं ज्याची फुशारकी मारली, ते आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली. घरी आल्याआल्या त्याने मशीन ओढत दुकानाच्या पार पुढच्या टोकाला नेलं. दिवे लागले की काम बंद. गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तुटली. नवरा-बायको कोरा चहा पिऊ लागले. दूध बारकीला. अंडं बारकीला. अंडं बघून ती आधी विचारायची, "तुम्हाला?"

त्याच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. रोज सकाळी तो तिला दाराशी अडवायचा आणि गुडघ्याखाली बोटं लावून बघायचा. चारची चारच.

"अहो, ती झाड आहे का रोज मोजायला?" बायको वैतागायची. "पोरीला लाजल्यासारखं होतं."

एका सकाळी त्याने बोटं लावलीच नाहीत. ब्लेड घेतलं आणि वीतभर घातलेली सगळी दुमड उसवून टाकली. इस्त्री फिरवली, काठ शिवला. बारकीने स्कर्ट घातला तो घोट्यापर्यंत लोंबला.

"बाबा, मुली हसतील. पायात येतोय."

"येऊ दे."

"पण कशाला?"

त्याला नीट सांगता येईना. "तू ये तिथपर्यंत," एवढंच तो म्हणाला.

ती मुठीत स्कर्ट उचलून निघाली. वरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं. खाली मात्र इतकी वर्षं आत दडलेली पट्टी, स्कर्ट शिवला त्या दिवसासारखी गर्द निळी. बारकी वळणाआड जाईपर्यंत तो त्या पट्टीकडे बघत दारात उभा राहिला.